मामाचं खातं

आमच्या हॉस्पिटलचं नेटवर्क मामाने उभं केलं आणि मलाही त्यानेच इथे चिकटवलं. मी ओपन सोर्स सॉफ्टवेअर लावलं, तेव्हा "फुकट ते पौष्टिक" म्हणून हसला होता. हे सॉफ्टवेअर रोज प्रत्येक उपकरणाच्या सेटिंग्ज उतरवून घेतं, आदल्या दिवसाशी ताडून बघतं आणि सकाळी मेल करतं. काय बदललं, कुणी बदललं, सगळं.

हल्ली त्या मेलमध्ये सारखं मामाचंच नाव यायला लागलं. अतिदक्षता विभागातली यंत्रं नेटवर्कला जोडणाऱ्या स्विचची एकच सेटिंग तो आज बदलायचा, उद्या उलटी करायचा, परवा पुन्हा तेच. विचारलं तर म्हणाला, "मी हातही लावलेला नाही गं. तुझ्या फुकट्याला भुतं दिसतात." मामा खोटारडा असता तर बरं झालं असतं. पण तो आयुष्यात कधी खोटं बोललेला नाही.

मग एका दुपारी त्या विभागातल्या पेशंटचे ठोके नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर दिसेनासे झाले. सिस्टर प्रत्येक खाटेपाशी धावल्या म्हणून निभावलं. स्विचची तीच सेटिंग पुन्हा बदललेली होती; मी जुनी परत चढवली. साहेब म्हणाले, "तू भाची आहेस त्याची. काय करायचं ते तूच कर."

मी सगळ्या उपकरणांवरून मामाचं खातं काढून टाकलं. त्यानेच बांधलेल्या घरातून त्याला बाहेर काढतेय असं वाटत होतं. सांगायला जीभ रेटेना, म्हटलं सकाळी सांगू. पण तो मेल त्यालाही जातो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी पोचले तर तो मेल उघडूनच बसलेला. प्रत्येक उपकरणापुढे तेच: खातं काढलं. शेजारी माझं नाव.

"बरं केलंस," तो म्हणाला. "पेशंटच्या जिवाशी खेळ नको. खातं काढ असं मीच सांगायला हवं होतं तुला." त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी. मी रडायला लागले, तर चहा आणायला गेला.

दोन कप घेऊन आला, खुर्चीत बसला आणि सवयीने स्विचमध्ये शिरायला पासवर्ड टाकायला लागला. होईना. पुन्हा टाकला. मग ओशाळून माझ्याकडे वळला.

"आत घेत नाहीये गं मला. पासवर्ड विसरलो की काय?"



"का कुणी काही बदललंय? तुझ्या त्या फुकट्याला विचार बघू," मामा म्हणाला. "त्याच्या सगळं लक्षात असतं."

मी टेबलावरचा एक कप उचलला आणि म्हटलं, विचारते.