उमाबाईंची पुढची पत्रं

पुण्याहून पुस्तक आलं तेव्हा मुक्ता आठल्येने पाकीट फोडून आधी मुखपृष्ठ पाहिलं, मग आतलं पान, मग ऋणनिर्देश. ‘काशीतील काही स्नेह्यांचे साहाय्य झाले’, एवढंच एक वाक्य होतं. काही स्नेही म्हणजे ती एकटी.

मुक्ता काशीच्या ब्रह्मा घाटावरच जन्मली, वाढली. मोडी लिपी आजोबांनी शिकवली. नवरा रेल्वेत, झाशीला बदलीवर. मुलगी मधुरा विद्यापीठात शिकत होती. घरी बसून जुने मोडी कागद वाचून द्यायचे, हे मुक्ताचं काम. पुण्याचे इतिहासाचे अभ्यासक डॉ. निनाद देवस्थळी तिला कागदांचे फोटो पाठवत. ती ते देवनागरीत उतरवून, तळटिपा लिहून परत पाठवी.

या पुस्तकातली पत्रं उमाबाईंची होती. सव्वादोनशे वर्षांपूर्वी वाईची ही विधवा बाई काशीवासाला आली आणि भावाला पत्रं पाठवत राहिली. पहिल्या दहाबारा पत्रांत देवदर्शनं होती. मग हळूहळू दुसरंच काही येऊ लागलं. परसातल्या फणसाला यंदा किती फळं धरली? तांबडी गाय व्याली का? ‘गंगास्नान नित्य घडतें. परंतु मन कृष्णेंत बुडी मारितें, हें कोणास सांगावें?’

सगळं जग काशीला मरायला येतं आणि ही बाई इथून वाईला जायला झुरते. मुक्ताला ती फार जवळची वाटू लागली. भाजी निवडताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना तिच्या मनात उमाबाईंची वाक्यं घोळत. पहिल्या गठ्ठ्यातल्या शेवटच्या पत्रात उमाबाईंनी भावाला विनवलं होतं, फाल्गुनात कोणी यात्रेकरू परतणार असतील त्यांच्या सोबतीनं मला ने. पुढची पत्रं दुसऱ्या गठ्ठ्यात होती आणि तो गठ्ठा देवस्थळींकडे होता.

मधुरा पुस्तक चाळत होती. “आई, ही मढीवाली टीप तर तुझीच आहे. शब्दशः.”

काशीत घाटावरच्या बुरुजासारख्या चौथऱ्याला मढी म्हणतात, उमाबाई दुपारी तिथे बसत असाव्यात, असं मुक्ताने लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं. परीक्षकाने नेमकी तीच टीप उतरवून म्हटलं होतं, देवस्थळी काशीच्या घाटांवर मनाने राहून आले आहेत.

“मनाने राहून आले,” मधुरा म्हणाली. “एक दिन के लिए भी नहीं आए. तू बोल ना त्यांच्याशी.”

मुक्ता बोलण्याआधी देवस्थळींचाच फोन आला. ते अगदी मोकळेपणाने बोलत होते.

“मुक्ताताई, खंड फार नावाजला जातोय. आता दुसरा गठ्ठा पाठवतो. लगेच घ्याल ना?”

मुक्ता लगेच म्हणाली, “घेईन. पण सर, या दुसऱ्या खंडावर माझं नाव असावं. वाचन आणि टिपा, मुक्ता आठल्ये. आत एका ओळीत दिलंत तरी चालेल.”

“अहो, संपादन माझं आहे. लिप्यंतर हे एका अर्थी टंकनासारखंच काम. आज तुमचं नाव घातलं, तर उद्या टाइप करणाराही मागेल.”

“टाइप करणाऱ्याने टिपा लिहिल्या नव्हत्या.”

मग ते म्हणाले, “तुम्ही भावनेच्या भरात बोलताय. पाठवू का गठ्ठा?”

हो म्हटलं असतं, तर संध्याकाळपर्यंत उमाबाई फाल्गुनात निघाल्या की नाही हे कळलं असतं. मुक्ताने डोळे मिटले.

“नको,” ती म्हणाली. “नावाशिवाय नको.”

फोन ठेवल्यावर ती रडली. देवस्थळींपेक्षा उमाबाई तुटल्याचं तिला जास्त वाईट वाटलं.

त्यानंतरचं दीड वर्ष तिने इतर कामं केली. खरेदीखतं, वाटणीपत्रं, एका देवळाची सनद. पण मन त्यांत रमेना. दुपारी ती घाटाच्या पायऱ्यांवर जाऊन बसे आणि दक्षिणेकडून आलेली यात्रेकरूंची नाव दिसली की, उमाबाईंना न्यायला माणसं आली असतील का, असं तिच्या मनात येई. कधी वाटे, फोन करावा, नाव नको म्हणावं. दोनदा तिने नंबर काढलाही. लावला नाही.

मग दुसरा खंड बाहेर पडला. मुक्ताने तो मागवला आणि हातातलं काम टाकून वाचायला बसली.

भावाने माणसं पाठवली होती. उमाबाई गेल्या नाहीत. ‘माणसें पावलीं. परंतु आतां डोळां दिसत नाहीं. येऊन काय पाहूं? कृष्णेचा आवाज तेथें कोणी ऐकून मज लिहावा.’

त्या ओळीखाली टीप होती: ‘येथे शाई पसरली आहे. लिहिणाऱ्याचा हात थांबला असावा.’

मुक्ता त्या टिपेवर बराच वेळ अडकून राहिली. ही टीप देवस्थळींची नव्हती. कागद डोळ्यांजवळ धरून, कोणीतरी त्या डागाशी थबकून लिहिली होती. ऋणनिर्देशात ‘काही तरुण मित्रांचे’ आभार होते. आपल्या जागी कोण बसलं याचा तिला आधी हेवा वाटला. मग त्या माणसाला भेटावं, बोलावं, अशी ओढ लागली. उमाबाई माहीत असलेलं जगात आणखी कोणीतरी होतं.

मोडी वाचणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर तिने लिहिलं, ‘उमाबाईंच्या पत्रांचा दुसरा खंड कोणी वाचून दिला? पहिला मी दिला होता.’

तासाभरात फोन आला. “मुक्ताताई? मी स्वरदा. कऱ्हाडहून बोलतेय. दुसरा खंड मीच केला.” मुलगी थोडी अडखळली. “सर म्हणाले होते, पहिला त्यांनीच वाचला. पण गायीच्या चौकशीवरच्या टिपा वाचून मला वाटायचं, हे कोणा बाईने लिहिलंय.”

दोघी दीड तास बोलल्या. उमाबाईंचा भाऊ, भावजय, फणस, सगळ्यांची विचारपूस माहेरच्या माणसांसारखी झाली. शेवटी मुक्ताने विचारलं, “कागदावर होतं आणि छापलं नाही, असं काही आहे का गं?”

“आहे,” स्वरदा म्हणाली. “शेवटच्या पत्राखाली कारकुनाच्या दोन ओळी आहेत. पत्र त्या सांगायच्या, तो लिहायचा ना. सर म्हणाले, त्या उमाबाईंच्या नाहीत, काढून टाका. फोटो पाठवते.”

फोटो आला. मुक्ताने मोठा करून वाचला. ‘बाई सांगतां सांगतां निजली. उठविली नाहीं. मजकूर राहिला आहे तैसाच पाठवितों.’

ते शेवटचं पत्र होतं. त्यानंतर गठ्ठ्यात काही नव्हतं.

वाईला जाऊन स्वरदाने उमाबाईंच्या भावाच्या घराण्याची रीतसर परवानगी आणली. मग दोघींनी मिळून या दोन ओळींवर लेख लिहिला. मसुदे काशी-कऱ्हाड फिरत राहिले. एका शब्दावरून त्या भांडल्याही. दिवाळी अंकात लेख आला, शीर्षकाखाली दोघींची नावं. देवस्थळींनी संपादकांना नाराजीचं पत्र पाठवलं, संपादकांनी ते छापलं आणि त्याखाली दोघींचं उत्तरही.

मधुराने अंक उघडून नावावरून बोट फिरवलं. “आता बरं वाटतंय ना, आई?”

“वाटतंय,” मुक्ता म्हणाली. तिला खरंच बरं वाटत होतं. तरीही काहीतरी हवंहवंसं उरलं होतं आणि ते आता स्वतःसाठी नव्हतं. ज्याने आंधळ्या बाईला झोपेतून उठवलं नाही, त्या कारकुनाचं नाव एकाही कागदावर नव्हतं. लेखाच्या शेवटी दोघींनी लिहिलं होतं, ‘ही पत्रे लिहिणाऱ्याचे नाव आम्हांस सापडलेले नाही. कोणास ठाऊक असल्यास कळवावे.’

अजून कोणी कळवलेलं नाही. टपाल आलं की मुक्ता आधी तेच पाहते.