भुऱ्याची शेपटी का लोंबली

मी एक जुनी शेपटी आहे, मित्रांनो. भाटघरच्या पाण्याकाठी राहणाऱ्या भुऱ्या कुत्र्याची. माझं बळ गेलं हे कळलं ते आमच्या मालकीण बनाबाईंची राख पाण्यात सोडली त्याच्या दुसऱ्या सकाळी. त्यांच्या नवऱ्याने, गेनबांनी, भाकरी टाकली. भुऱ्या उठला, पण मी हललेच नाही. ओल्या दोरीसारखी लोंबत राहिले.

नऊ वर्षं मी रोज हलत होते. बनाबाई धरणावर धुणं धुवायच्या. एखादं कापड हातून सुटून वाहत निघालं की भुऱ्या उडी घ्यायचा आणि ते दातांत धरून आणायचा. पाण्यात त्याचा तोल राखायचं, त्याला वळवायचं काम माझं. “माझ्यापरीस ह्याचंच ध्यान हाय धुण्यावर,” असं बनाबाई म्हणायच्या.

राख सोडल्यावर माणसांनी त्यांचं हिरवं लुगडं पाण्यावर सोडलं. भुऱ्याला वाटलं, सुटलं हातून. तो गेला आणि घेऊन आला. त्यांनी पुन्हा सोडलं, त्याने पुन्हा आणलं. तिसऱ्या वेळी लुगडं फार लांब गेलं होतं. पौषातलं पाणी बर्फासारखं गार. एवढंसं जनावर आणि समोर एवढं पाणी, तरी ते एकदाही मागे वळलं नाही. मी त्याच्याच अंगाची, तरी मला त्याचं अजून नवल वाटतं. तिसऱ्यांदाही त्याने ते आणलं. गेनबांनी लुगडं पिळलं आणि घरी आणलं.

“शेपूट मेलं,” शेजारचे चिमाजी म्हणाले. “मुळाशी डाग दे, गेनबा.”

गेनबांनी विळा चुलीत घातला. त्यांची लेक कोमल आडवी आली. “आबा, आधी डॉक्टर.”

“तुजा डॉक्टर भोरास्नं येईस्तवर शेपूट गळून पडंल,” चिमाजी म्हणाले.

विळा लाल झाला. गेनबांनी तो उचलला, भुऱ्याकडे पाहिलं आणि पाण्याच्या बादलीत बुडवला. “कर फोन,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी मला मुळापासून टोकापर्यंत चाचपलं. भुऱ्या कळवळला.

“मोडलेली नाही. गार पाण्यात फार पोहला का?”

“तीन येळा,” कोमल म्हणाली.

“मग मुळाजवळचे स्नायू दुखावलेत. ऊब द्या, पळू देऊ नका. मी देतो तेवढंच औषध द्या. आठवड्याभरात हलेल.”

“म्या म्हनलं, दुक झालं असंल त्याला,” गेनबा म्हणाले.

“तेही असेल, बाबा. ते मला हाताला लागत नाही.”

पाचव्या दिवशी गेनबांनी लुगडं कुंपणावर उन्हात टाकलं. वाऱ्याने पदर उडाला, आणि मी हलले. आधी टोक, मग सगळी. गेनबा तिथेच खाली बसले.

मित्रांनो, कुत्र्याची शेपटी अशी लोंबली तर तिला ओढू नका, डागू नका. त्याला कोरडं करा, निजू द्या, डॉक्टरांना दाखवा.

मी आता बरी आहे. लुगडं कुंपणावरच आहे. ते पाण्यात सोडायचं राहिलं आहे.