भिंतीवरून उचललेलं अक्षर

‘‘टोक नको ठेवू वं पोरी, बोट गोल फिरव. नावाले टोक राहिलं तं संसाराले टोचते!’’

हा आवाज मी जन्मतानाच ऐकला. तो भागीरथाबाईचा होता. मित्रांनो, मी एक फॉन्ट आहे. जाड, गोल टोकांचा, दुरूनही सहज वाचता येणारा. दुकानांच्या पाट्यांवर, मसाल्याच्या पुड्यांवर तुम्ही मला रोज बघता. माझं नाव ‘पोलाद’ ठेवलं आहे, आणि त्या नावानं कुणी हाक मारली की माझा जळफळाट होतो.

कसलं पोलाद? मी मातीतून आलो.

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये भागीरथाबाईचं कंपनीचं क्वार्टर. नवरा पोलादाच्या कारखान्यात, मूळ गाव भंडाऱ्याकडचं. आसपास कुणाचं लग्न निघालं की पहिलं बोलावणं तिला. ती दाराजवळची भिंत गेरूनं सारवायची, वाटीत पांढरी छुहीमाती कालवायची आणि त्यात बोट बुडवून नवरा-नवरीची नावं लिहायची. ब्रश तिनं कधी धरला नाही. शेजारच्या पोरी शिकायला भोवती बसायच्या. त्यांना दटावता दटावता ती गुणगुणायची,

नाव लिवलं भिंतीवर, वली हाये माती,
येईन सून दारात, जोडन आपल्या हाती.

कारण अक्षरांवरची आडवी रेघ ती मुद्दाम अपुरी ठेवायची. दर अक्षरानंतर बारीक फट. वरात परतली की नवी सून छुहीत बोट बुडवून त्या फटी भरायची आणि मगच उंबरा ओलांडायची. तोवर त्या घरातलं नाव अर्धंच. त्या अर्ध्या नावाकडे बघत घरची माणसं सुनेची वाट बघायची. किती गोड वाट होती ती!

भागीरथाबाईचा मुलगा केदार रायपूरला जाहिरातीच्या कंपनीत आहे. शेजारच्या सत्यशीलाबाईच्या घरी लग्न होतं, तेव्हा त्यानं त्या भिंतीचा फोटो काढला. सकाळीच काढला. सून यायची होती संध्याकाळी! त्या फोटोवरून त्यानं संगणकावर एकेक अक्षर उतरवलं, उरलेली त्याच वळणानं बेतली, आणि मी जगात आलो, फटींसकट. त्यानं कष्ट केले, ते मी नाकारत नाही. पण खाली लिहिलं काय? ‘भिलाईच्या भट्टीतून जन्मलेलं अक्षर. निर्मिती : केदार.’ आईचं नाव कुठंच नाही.

मग मला राबवायला सुरुवात झाली. शिकवणीच्या फलकावर मी, प्रसूतिगृहाच्या पाटीवर मी, जवळच्या चरोदा गावाला जाणाऱ्या ऑटोच्या पाठीवरही मीच. कुणी मला ताणलं, कुणी चेपलं, कुणी माझ्यामागे काळी सावली चिकटवली. वाहवा मात्र झाली. जाणकार म्हणाले, फटींमुळे अक्षर कसं मोकळा श्वास घेतं! श्वास कसला घेतं? ते बिचारं वाट बघतं!

एकदा हळदीच्या पुडीवर भागीरथाबाईनं मला पाहिलं. बोट फिरवलं आणि थबकली.

‘‘सत्यशीला, हे तं माह्या हाताचं हाये वं.’’

‘‘मले आता सांगून राहिली? अख्ख्या बाजारात तुहाच हात लटकून हाये! पोराले विचार नं.’’

‘‘त्याचं नाव होऊन राहिलं. कावून मधात बोलू?’’

‘‘नको बोलू. बस हळद कुटत!’’

आणि सर्वांत वाईट पुढेच झालं. लोक लग्नातही माझाच छापील फ्लेक्स लावू लागले. स्वस्त, चकचकीत, झटपट. भागीरथाबाईला बोलावणं येईना. सुना दाराशी यायच्या, फ्लेक्सखाली फोटो काढायच्या आणि आत जायच्या. प्लास्टिकवर छुही धरत नाही. माझ्या फटी कुणी भरल्याच नाहीत. जिच्या बोटातून मी आलो, तिच्याच हातातलं काम मी हिसकावलं. सांगा, मी रागावू नको तर काय करू?

यंदा भिलाईतल्या मराठी मंडळाच्या सभागृहात केदारचा सत्कार झाला. मागच्या पडद्यावर मी हत्तीएवढा. भागीरथाबाईला पहिल्या रांगेत बसवून हातात फुलं दिली होती. एका मुलीनं विचारलं, ‘‘सर, अक्षरांत ही फट का ठेवली?’’

केदार हसून म्हणाला, ‘‘आपल्या भिलाईत रूळ बनतात ना? रुळांच्या सांध्यात फट असते, तिथून सुचलं.’’

टाळ्या कडाडल्या. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी पडद्यावरून ओरडलो असतो. तुम्हाला कळकळीनं सांगतो, सुंदर अक्षर दिसलं तर नुसतं उचलू नका. ते कुणाच्या हातचं, हे आधी विचारा. त्या हाताची परवानगी घ्या, त्याचं नाव ठेवा. अक्षर सांभाळायचं असेल, तर हात सांभाळा.

टाळ्या थांबल्या तशी भागीरथाबाई उठली. शेजारी बसलेल्या सत्यशीलाबाईनं तिच्या हातातली फुलं काढून घेतली.

‘‘ते रुळाचं नव्हे,’’ भागीरथाबाई म्हणाली. ‘‘ती सुनेची जागा हाये.’’

केदार मंचावरून खाली वाकून पुटपुटला, ‘‘आई, घरी बोलू ना.’’

‘‘घरीच तं चूप राहिली मी. तू मागितलं असतं तं हसत देलं असतं रे. सारी अक्षरं लिहून देली असती.’’ ती बसली नाही. ‘‘पोटचा हायेस म्हणून हा शब्द तोंडातून काढला नोता. आज काढते. केदार, तूनं चोरी केली. आपल्या मायची.’’