माझ्या पट्ट्यांना काळं फासू नका

मी झेब्रानो बोलतोय. आफ्रिकेचं लाकूड, फिकट अंगावर गडद पट्टे. जाडी म्हणाल तर कागदापेक्षा जराशी जास्त. "म्हणजे नुसता वरचा मुलामा!" असं म्हणून हसणारे पुष्कळ भेटले. हसा! ज्या ओंडक्यात चार टेबलं होतात, त्याचे पातळ पापुद्रे काढले की शंभर टेबलं सजतात. शिवाय अख्खा मी भलता हट्टी, वाळताना वाकणारच. प्लायवूडवर चिकटवलात की सरळ वागतो.

कापताना माझा वास येतो, कबूल. सुतारदादाने पहिल्याच दिवशी नाक दाबलं.

"ताई, हे काय सडकं आणलंस?"

त्याची थोरली बहीण त्याच्याच कारखान्यात पॉलिश करायची. "वास जाईल रे. पट्टे तर बघ!"

एका वकीलबाईंना माझं टेबल हवं होतं. दादाचा हात तीस वर्षं जाड फळ्यांवर बसलेला. मला चिकटवलं आणि सवयीने त्याने घासायचं मशीन फिरवलं. अरे, मला हाताने, हलकेच घासतात! एका कोपऱ्यात मी संपलोच, खालचं प्लायवूड दिसायला लागलं.

"मेलो! उद्या बाई येणार." दादाने काळ्या रंगाचा डबा उघडला. "सगळंच रंगवून टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

माझा असा संताप झाला! चूक तुझी आणि तोंड मी काळं करायचं?

ताईने डबा बंद केला. "पट्ट्यांसाठीच तर बाईंनी हे निवडलंय. रंगच द्यायचा तर साधं प्लाय काय वाईट होतं?" उरलेल्या तुकड्यांतून पट्ट्याला पट्टा जुळवत ती दुपारभर बसली आणि तिने ठिगळ बसवलं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. दादा कोपऱ्यावर फडकं टाकून उभा. बाईंना पसंत पडलं नाही तर मला खरवडून काढणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी मनात ओरडत होतो, काढ ते फडकं! शेवटी त्यानेच काढलं.

"बाई, इथे मी चुकलो. जास्त घासलं गेलं. ताईने जोडलंय. नको असेल तर नवं करून देतो."

बाईंनी वाकून त्यावर बोट फिरवलं. "माझे अशील इतकं सरळ बोलले असते तर! राहू दे. फक्त हा कोपरा त्यांच्या खुर्चीकडे येईल असं टेबल ठेवा."

आज मी बाईंच्या ऑफिसात आहे. गरम कप थेट माझ्यावर टेकवू नका, एवढीच विनंती. माझ्या ठिगळावर बोट ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. मी ते झाकणार नाही.