जावईबापूंचा सईस

कागदावर त्याचं नाव भलंमोठं होतं, पण पागेत सगळे त्याला जावईबापू म्हणायचे. चंदीला जरा उशीर झाला की भिंतीकडे तोंड करून रुसणार, पाणी आवडलं नाही की बादली लाथाडणार. मी त्याचा सईस. तीन हंगाम तो पळाला, एकोणीस शर्यतींपैकी अकरा जिंकला. प्रत्येक वेळी त्याला मैदानापर्यंत मीच नेलं. बक्षिसाच्या फोटोत मालक आहेत, मालकीणबाई आहेत, जॉकी आहे. माझी अर्धी टोपी दिसते.

मग पुढच्या पायाची शीर दुखावली आणि पळणं संपलं. असल्या घराण्याचा घोडा, पैदाशीसाठी मालकांच्या स्टड फार्मवर जायचाच. मी हातापाया पडून त्याच्याबरोबर बदली मागून घेतली.

"माझ्या माहेरी यायला दोन दिवसांची रजा मिळत नाही तुम्हाला," बायको म्हणाली, "आणि घोड्यासाठी घर सोडून निघालात!"

खरंच होतं ते. मी बॅग भरली.

फार्मवर पहिली घोडी आणली, तर जावईबापू आपले मान खाली घालून उभे. दुसरी आणली, तिसरी आणली, तेच. डॉक्टरीणबाईंनी रक्तापासून सगळं तपासलं, घोडा ठणठणीत. मालकांचा फोन आला, "अजून एक घोडी बघू. नाही जमलं तर खच्ची करून रायडिंग स्कूलला देऊन टाका." अकरा शर्यती जिंकून दिलेल्या घोड्याबद्दल हे बोलणं! माझं डोकंच फिरलं.

चौथ्या घोडीच्या वेळी दोर माझ्याच हातात होता. त्याने मान उंचावली, वरचा ओठ वळवला, एक पाऊल पुढे टाकलं. आणि थांबून माझ्याकडे बघितलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शर्यतीआधी नर-माद्यांना एकाच गोलात फिरवतात. नराचं लक्ष घोडीकडे गेलं की शर्यत गेलीच म्हणून समजा. म्हणून तो दोन वर्षांचा असल्यापासून, घोडीकडे मान वळली रे वळली की मी साखळीला हिसका द्यायचो आणि दरडावायचो. पुढे पुढे हिसकाही लागेना. मी शेजारी असलो की पुरे. सगळ्या पागेत माझं कौतुक व्हायचं, आणि मीही शेफारलो होतो.

"जा रे राजा, जा," मी त्याच्या मानेवर थोपटत म्हणालो. त्याचा विश्वास बसला नाही.

गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. रायडिंग स्कूलमध्येही सईस लागतातच; दोघं मिळून तिकडे गेलो असतो. खोटं कशाला सांगू, हा विचार मनात येऊन गेला. मग मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगून टाकलं, दोर त्यांच्या हाती दिला आणि भिंतीआड जाऊन उभा राहिलो. तर हा दाराकडे तोंड करून मला हाका मारायला लागला.

बाई बाहेर आल्या. "काका, तुम्ही इथे आहात हे त्याला कळतंय. तुम्हाला फार्मच सोडावा लागेल हो."

दुपारच्या बसने रेसकोर्सच्या पागेत परतलो. त्याचा निरोप घेता आला नाही. चार दिवसांनी बाईंचा फोन आला, "काका, जमलं!" मी सगळ्या पागेला चहा पाजला आणि संडासात जाऊन रडलो.

याला आता तीन वर्षं झाली. मी परत रेसकोर्सवर दुसरे घोडे सांभाळतो. त्याची शिंगरं चाळीसच्या वर गेली. पैदाशीचा हंगाम नसताना येऊन भेटा की, असं बाई दर वेळी म्हणतात. बसने दोन तासांची वाट. दोनदा निघालो आणि दोनदा अर्ध्यातून परतलो. मी एकदा दिसलो आणि त्याला सगळं पुन्हा आठवलं तर?

"एव्हाना विसरला असेल तो तुम्हाला," बायको म्हणते.

विसरला असेल तर त्याचं भलंच आहे. पण विसरला नसावा, असं मला रोज सकाळी वाटतं.