वाचले, समजले

कॅप्टन हेरंब सामंतांची बायको मंगळवारी सकाळी सहापासून दुपारी दोनपर्यंत तात्पुरती बंद होती. तशी रीतसर सूचनाच निघाली होती, तेव्हा आरडाओरडा करण्यात अर्थ नव्हता. मृदुलाबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. हातात चहाचं गाळणं, डोळे उघडे, आणि बंद धावपट्टीवर मारतात तशी पिवळी फुली खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मारलेली. रंग ओलाच होता. सामंतांनी गॅस तेवढा बंद केला आणि विमानतळ गाठला.

सूचना-कक्षातल्या ढवळेबाईंनी रजिस्टर पुढे सरकवलं.

"सही तुमचीच आहे की, कॅप्टन. 'वाचले, समजले.' कालची."

"अहो, वाचतं कोण ते?"

"तेच म्हणते मी."

कुठे क्रेन उभी आहे, कुठला दिवा गेलाय, कुठे घारी फार झाल्यात, हे सगळं वैमानिकाने उडण्याआधी वाचायचं असतं. सामंत अकरा वर्षं नुसती शेवटच्या पानावर सही ठोकत आले होते. सगळेच ठोकत. आत्ताही तरुण कॅप्टन लोबोने उभ्याउभ्या ठोकली.

"काय काका, आज वाचायला बसलात? तब्येत बरी आहे ना?" म्हणाला, हसला, आणि बहात्तर माणसं घेऊन उडाला. पावणेदोनला परत इथेच उतरणार होता.

"हिची सूचना रद्द कशी करायची?" सामंतांनी विचारलं.

"चालू असलेल्या सगळ्या सूचना वाचा, मग अर्ज घेते. मध्ये उठलात तर पहिल्यापासून. आणि दोनच्या आत हं. दोननंतर आम्ही ते पक्क्या पुस्तकात कायमचं बंद म्हणून छापतो, मग कुणाच्याच हातात राहत नाही."

चारशे बारा पानं होती. सामंत बसले.

नव्वदाव्या पानावर बुधवार रद्द झाला होता. दोनशे दहाव्यावर त्यांची शाळा अडथळा म्हणून काढून टाकली होती. आठवून पाहिलं तर तिथे खरंच नुसतं गवत होतं. तीनशेव्या पानावर कक्षाची रुंदी निम्मी झाली. टेबल पोटाला टेकलं. ढवळेबाईंनी पाय आखडून घेतले आणि बडीशेप तोंडात टाकली.

तीनशे पंच्याण्णवावं पान सांगत होतं: धावपट्टी एक चाळीसपासून उपलब्ध नाही. तिच्या जागी तळं. खोली चाळीस फूट.

घड्याळात एक बेचाळीस झाले होते. खिडकीबाहेर तळं होतं, चांगलं स्वच्छ. पलीकडे लोबोचं विमान वळण घेत होतं.

"बाई, टॉवरला कळवा! लोबो पाण्यात उतरेल!"

"त्यांची सही आहे, कॅप्टन. सही केलेल्याला मला परत सांगता येत नाही. तुम्हाला येईल. टॉवरचा फोन त्या दाराबाहेर आहे."

"म्हणजे उठायचं?"

"उठायचं."

"आणि मग पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. अठरा मिनिटं आहेत."

सामंत गुडघे सरळ न करता जरासे वर झाले.

"एवढं चालतं," ढवळेबाई म्हणाल्या.

ते तसेच राहिले, ना उभे ना बसलेले, अंगठा पुढच्या पानाच्या कोपऱ्यावर. खिडकीत विमानाने चाकं काढली, आणि त्याची सावली तळ्याच्या पाण्यावर अलगद आली.