घड्याळजीचं भिंग आणि ऑकलंडचं मीठ

मित्रांनो, माझी मूठ लाकडी आहे आणि कडेला एक चीर आहे, म्हणून मला हसू नका. समोआतल्या आपिया गावी पेनाइआ घड्याळजींच्या हाताखाली मी तीस वर्षे काढली. मुंगीएवढी चक्रे मी त्यांना शेंगदाण्याएवढी दाखवीत असे. मग लोक मोबाइलवर वेळ पाहू लागले आणि माझी रवानगी खणात झाली.

पुढे पेनाइआंची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीनदा यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावे लागे. नर्सबाईंनी त्यांच्या बायकोला, सिएनीला बजावले, "डब्यावरची बारीक अक्षरं वाचायची. फॉस्फेट किंवा फॉस्फरिक दिसलं की डबा परत फळीवर. पोटॅशियम घातलेलं असेल तर हातसुद्धा लावायचा नाही."

मी पुन्हा कामावर रुजू झाले. दुकानात सिएनी खारवलेल्या मांसाचा एकेक डबा माझ्याखाली धरी. मागे रांग खोळंबे. दुकानदार म्हणे, "काकू, विकत घेताय की पाठ करताय?"

एकदा पेनाइआंची थोरली बहीण मालिए ऑकलंडहून आली. रविवारी प्रार्थनेनंतर सगळे जेवायला बसले, तेव्हा तिने पिशवीतून मिठाची बरणी काढली. "सोडियम कमी असलेलं मीठ आहे. खा बिनधास्त." तिने ते भावाच्या माशावर सढळ हाताने भुरभुरले. कित्येक महिने अळणी खाणाऱ्या पेनाइआंचे डोळे पाणावले. घास ओठांशी गेला, तोच सिएनीने ताट ओढले.

"ताई, आधी वाचू द्या."

"माझ्यावर विश्वास नाही? ह्याला मी कडेवर खेळवलाय."

"मग अजून थोडी वर्षं खेळू द्या की त्याला. घ्या, तुम्हीच वाचा."

मालिएने मला बरणीवर धरले. "पोटॅशियम क्लोराइड," ती हळूच म्हणाली. तिने बरणीचे झाकण घट्ट लावले आणि ती ताटापासून दूर सरकवली.

"हे धडधाकट माणसाला चालतं," सिएनी म्हणाली. "ह्याच्या रक्तात साठलं तर काळीज बंद पडेल."

पेनाइआ बहिणीकडे पाहत म्हणाले, "ताई, मारायचंच होतं तर इथलं विष स्वस्त पडलं असतं. विमानभाडं कशाला घातलंस?"

मालिए हसता हसता रडली. मग उठून तिने दुसऱ्या माशावर स्वतः लिंबू पिळले.

मित्रांनो, मोठी अक्षरे विकणाऱ्याच्या कामाची असतात, बारीक अक्षरे खाणाऱ्याच्या. ती वाचत जा, आणि वाचण्याआधी मला पुसत जा. परवा माझ्यावर नारळाच्या दुधाचा थेंब वाळला होता. त्याखाली 'फॉस्फरिक' झाकले गेले आणि सिएनीने काळ्या कोलाची बाटली घरी आणली. अजून मुक्कामाला असलेल्या मालिएने ती वाचून वेळीच हिसकावून घेतली. पेनाइआ मात्र बाटली हातात होती तेवढा वेळ माझ्यावर जन्मात नव्हते इतके खूश होते.